वैऱ्याचं भलं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? तरुण संघाच्या अभ्यासासाठी मदत हवी

तरुणसंघ_सदर:

सर्वांना सलाम.

लेंटमधले (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतले) चार बुधवार आमच्या तरुण संघाला अभ्यासासाठी मिळाले आहेत. विषय ठरलाय वैऱ्यांवर प्रीती: मत्तय ५:३८-४८ आणि रोमकरांस १२:१४-२१. या वचनांवर उपदेश प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेत. रविवारी मान डोलवायची आणि सोमवारी ऑफिसला गेलं की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून या वेळी अर्थ कमी आणि 'करायचं काय' हे जास्त, असं ठरवलंय. मुलंमुली विशी-तिशीतली, बहुतेक नोकरदार. प्रश्न रोखठोक विचारतात.

त्यांच्याकडून चिठ्ठ्यांवर प्रसंग मागवले होते. नावं न घेता चार इथे देतो. लेआउटमधल्या शेजाऱ्याने कंपाउंडची भिंत फूटभर आत सरकवून बांधली आणि वर उलट तक्रारही केली. ऑफिसातल्या सहकाऱ्याने वरिष्ठांचे कान भरून बढती अडवली. मंडळीतल्याच माणसाने उसने पैसे घेतले, चेक दिला, तो परत आला. चौथा प्रसंग बहुतेकांना ओळखीचा वाटेल: पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीपासून दोन घरांचं बोलणं बंद.

माझे प्रश्न असे. पहिलं पाऊल कोणतं, म्हणजे उद्या सकाळी टाकता येईल असं? तक्रार किंवा केस चालू असताना चांगलं वागणं जमतं का, की केस मागे घ्यायची? मनात राग खदखदत असताना वरून गोड वागणं हे ढोंग नाही का? आणि समोरचा त्याचा फायदाच घेत राहिला तर?

"प्रभूवर सोपवा" एवढंच उत्तर कृपया नको. ते आमच्याकडे भरपूर आहे.

जुना_करार:

मत्तयापासून सुरू करू नका. पहिला बुधवार निर्गम २३:४-५ ला द्या. तिथला नियम अगदी जमिनीवरचा आहे. वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तर ते त्याच्याकडे पोचवायचं. द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर तसंच सोडून पुढे जायचं नाही, हात लावून उठवायचं. मुलांना यातलं मोजमाप दाखवा. वैरी जवळपासच राहणारा आहे, त्याचं जनावर तुम्हाला ओळखू येतं. गरज खरी आहे आणि समोर आली आहे, तुम्ही ती शोधत गेलेला नाही. काम फार तर अर्ध्या तासाचं. आणि आधी भांडण मिटवा अशी अट कुठेच घातलेली नाही. गाढव उठवून दोघं आपापल्या वाटेने गेले तरी नियम पाळला गेला.

आता हे आजच्या प्रसंगांना लावा. शेजाऱ्याच्या स्कूटरला रात्री किल्ली तशीच लटकलेली दिसली, तर बेल वाजवून सांगायचं. त्याच्या छतावरची टाकी भरून वाहतेय, तर हाक मारायची. त्याचं कुरियर आपल्याकडे आलं, तर त्याच दिवशी पोचवायचं, 'येईल तो मागायला' म्हणून फ्रीजवर ठेवायचं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलाय, त्याची बोअर आटलीय आणि आपल्या नळाला पाणी आहे, तर त्याच वादग्रस्त भिंतीवरून पाइप टाकायचा. 'तान्हेला असेल तर प्यायला दे' हे वचन नागपूरच्या उन्हाळ्यात समजावून सांगावं लागत नाही. ऑफिसात त्या सहकाऱ्याच्या आकड्यांत चूक दिसली, तर मीटिंगच्या आधी त्याला एकट्याला दाखवायची. त्याची फजिती होण्याची वाट पाहत बसणं म्हणजे ओझ्याखालचं गाढव पाहून पुढे जाणंच झालं.

बहुतेकांचं गणित इथेच चुकतं की ते मोठ्यापासून सुरुवात करतात. सगळ्यांना पहिल्यांदा आठवतो तो नाताळचा फराळ. वर्षभर तोंड न पाहिलेल्या घरी करंज्या आणि शेवेच्या लाडवांचा स्टीलचा डबा न्यायचा, दारातच गळ्यात पडायचं आणि सगळं मिटेल असं धरून चालायचं. यात तीन अडचणी आहेत. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणजे तुम्ही त्याच्यावर परतफेड लादली. मन आधीच गढूळ असेल तर घरचं अन्न संशयाने पाहिलं जातं, कोणी खात नाही, आणि मग ते कचऱ्यात दिसलं की तुमचा राग दुप्पट. तिसरं म्हणजे समोरच्याला बायकामुलांसमोर, तयारी नसताना, त्याच क्षणी ठरवावं लागतं की दार उघडायचं की लावायचं. फराळ द्यायचाच असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचा कार्यक्रम समजा. द्या तो दुकानातल्या बंद खोक्यातून, म्हणजे काही परत करावं लागत नाही, आणि गल्लीत इतर चार घरांना देता तेव्हाच त्यालाही.

त्याआधीचं पाऊल मत्तय ५:४७ मध्ये आहे: फक्त आपल्या बांधवांना सलाम केलात तर त्यात विशेष ते काय? तेव्हा सुरुवात नमस्कारापासून. आपणहून, आधी, रोज, आणि तो ज्या शब्दात इतरांना नमस्कार करतो त्याच शब्दात. इंदोरा-जरीपटक्याकडे शेजारी जय भीम म्हणत असेल तर जय भीम. उत्तर आलं नाही तरी थांबून पाहायचं नाही, चालत राहायचं. टक लावून उत्तराची वाट पाहिली की तो नमस्कार राहत नाही, हिशोब मागणं होतं.

दुसऱ्या बुधवारी २ राजे ६:८-२३ घ्या. संदेष्टा अलीशाला पकडायला आलेली अरामी फौज आंधळी होऊन इस्राएलच्या राजधानीत, शोमरोनच्या आत येते. इस्राएलचा राजा विचारतो, मारू का? अलीशा म्हणतो, भाकरी आणि पाणी वाढ. राजा मोठी मेजवानी देतो आणि त्यांना धन्याकडे परत पाठवतो. २३ व्या वचनाच्या शेवटी म्हटलंय की अरामी टोळ्या पुन्हा आल्या नाहीत. उपदेश साधारण इथे संपतात. तुम्ही २४ वं वचनही वाचून दाखवा: पुढे अरामचा राजा बेन-हदाद सगळं सैन्य घेऊन आला आणि शोमरोनला वेढा घातला. चांगुलपणाचा परिणाम झाला, पण कायमचा करार झाला नाही. आणखी एक बारकावा असा की जेवण वाढलं तेव्हा फौज ताब्यात होती. नगराचे दरवाजे उघडे टाकून कोणी पंगत मांडली नव्हती.

कोर्टकचेरी:

वर छान मांडलंय. मी दुसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण केस मागे घेणं म्हणजेच प्रीती हा गैरसमज मंडळ्यांमध्ये घट्ट बसलाय आणि त्यातून फार नुकसान होतं.

दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या येशूलाच योहान १८:२२-२३ मध्ये शिपाई थोबाडीत मारतो, तेव्हा तो विचारतो: मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? उलट हात उचलला नाही, पण अन्यायाला अन्याय म्हटलं. कृत्ये १६ मध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात आहेत. पौल जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याला ओरडून थांबवतो. सकाळी मात्र गुपचूप निघून जायला नकार देतो: आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला फटके मारलेत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर काढावं. माणसाशी ममता आणि चुकीची नोंद, दोन्ही.

आता भिंतीचा प्रसंग. फूटभर जागेचं भांडण तोंडी कधीच सुटत नाही, कारण दोघांच्याही मनात आपापला नकाशा असतो. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. लगतच्या धारकाला मोजणीची नोटीस जातेच, पण ती पोचण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन तारीख सांगा, की तुम्हीही हजर राहा, तुमच्यासमोर होऊ दे. 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) मिळाली की तिची झेरॉक्स त्याला द्या, ती तुमच्या विरुद्ध गेली असली तरी. हा चांगुलपणा भावनेचा नाही, माहिती न लपवण्याचा आहे, आणि शेजाऱ्यांच्या भांडणात तोच सगळ्यात कमी दिसतो.

केस चालू असताना करता येण्यासारखं बरंच आहे. जेवढं खरोखर आपलं, तेवढंच मागायचं, 'दबाव राहावा' म्हणून आकडा फुगवायचा नाही. जे घडलंच नाही त्याचं कलम लावायचं नाही. बायकोला, म्हाताऱ्या आईला आरोपी म्हणून ओढायचं नाही. नोटीस घरच्या पत्त्यावर पाठवायची, मुद्दाम त्याच्या ऑफिसात सगळ्यांसमोर पोचेल अशी नाही. त्याच्या घरी कोणी दवाखान्यात असेल आणि त्याने तारीख मागितली, तर आपल्या वकिलाला 'हरकत नाही' अशी पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) द्यायला सांगायचं. वकील कुरकुर करेल, करू द्या. मात्र हे एकदा, आणि लेखी. दर तारखेला असंच होऊ लागलं तर ती सवलत राहत नाही, सवय होते.

चेकच्या बाबतीत दयाळू माणसं हमखास फसतात ती मुदतीत. चेक परत आल्याची बँकेची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस मिळतात. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार. "आपलाच भाऊ आहे, देईल" म्हणत पहिले ३० दिवस घालवले की चेक परत येण्याबद्दलचं, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ हातातून गेलं. मग उरतो तो नुसता संताप, आणि संताप प्रीतीला जास्त मारक. तेव्हा नोटीस वेळेत पाठवा आणि त्याच नोटिशीत हप्त्यांची तयारी लिहा: इतके हप्ते, या तारखांना, व्याज नको. हा गुन्हा कायद्यानेच तडजोडयोग्य आहे, त्यामुळे पैसे मिळाल्यावर प्रकरण मिटवता येतं.

दोघंही मंडळीतले असतील तर १ करिंथ ६ (भावाने भावाला कोर्टात खेचू नये म्हणणारा अध्याय) आडवं येतं, आणि यायलाच हवं. आधी मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्याने जाऊन बोला, मग दोघं साक्षीदार. साक्षीदार आपल्याच पास्टरेटचे नकोत, तिथे प्रत्येकाची बाजू आधीच ठरलेली असते. दुसऱ्या मंडळीतले दोन वडीलधारे घ्या, त्यात एखादा हिशोब कळणारा. जे ठरेल ते कागदावर, तारखांसकट. केस आधीच कोर्टात गेली असेल तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो. तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसतं. दोघांनाही 'मी हरलो' असं घरी सांगावं लागत नाही, हा मोठा फायदा.

भाऊ_मोहननगर:

तुमचं सगळं बरोबर आहे बाप्पा, पण एक गोष्ट कोणीच नाही सांगून राहिलं. चांगुलपणा करून त्याचं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवणारे. "ज्यांनी माझं वाईट केलं त्यांनाही प्रभू आशीर्वाद देवो," खाली हात जोडलेले, आणि अख्ख्या मोहननगरला ठाऊक की बाण कोणावर आहे. नीतिसूत्रे २७:१४ वाचा एकदा. पहाटे उठून मोठ्या आवाजात मित्राला आशीर्वाद दिला तर तो शापच समजला जाईल. मित्राचं हे, तर वैऱ्याचं काय होईल?

निखाऱ्यांच्या राशीचंही तसंच. रोम १२:२० म्हणते, वैऱ्याला खाऊ-पिऊ घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील. ते वाचून काही जणांना गुदगुल्या होतात, की चला, चांगलं वागून याला जाळता येते! ऑगस्तीन या जुन्या धर्मशिक्षकाने हे वचन पश्चात्तापाच्या जळजळीचं म्हणून लावलंय, त्याला भाजण्याचं नाही. आणि लगेच पुढचं २१ वं वचन हाय: बऱ्याने वाइटाला जिंक. पोरांना साधी कसोटी सांगा. त्याला कळलंच नाही की हे कोणी केलं, तरी तुम्ही केलं असतं काय? नसतं, तर दोन दिवस थांबा.

आणि मदतीसोबत पत्रिका देऊ नका. सभेचं आमंत्रण नको, 'आमच्या चर्चला या' नको. पाण्याचा पाइप टाकला तर पाणीच जाऊ द्या त्यातून. आधीच संशय, त्यात हे दिसलं की त्याला वाटते गळाला गांडूळ लावून राहिले. तो आपणहून विचारेल तेव्हा सांगाल ना.

तरुणसंघ_सदर:

खूप उपयोगी. 'क' प्रतीची झेरॉक्स आणि स्टीलचा डबा, दोन्ही घेतले. भाऊ, स्टेटसचा मुद्दा वाचून दाखवला तर निम्मा वर्ग खाली बघेल.

दोन गोष्टी राहिल्या. एका मुलीने लिहिलंय: मारहाण करणाऱ्यावर किंवा लहान मुलांना त्रास देणाऱ्यावर प्रीती म्हणजे काय, त्याला परत घरात घ्यायचं? आणि ढोंगाचा प्रश्न. राग असताना प्रार्थना कशी करायची, शब्दांसकट सांगाल का?

समुपदेशन_ताई:

त्या मुलीच्या चिठ्ठीला शेवटच्या दहा मिनिटांत उरकू नका. तिला वेगळी वेळ द्या, आणि ही चिठ्ठी कोणाची असा अंदाज गटात कोणी बांधत असेल तर तिथेच थांबवा.

क्षमा, विश्वास आणि पुन्हा एकत्र राहणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिलं एकट्याला करता येतं. दुसरं समोरच्याच्या वागण्यावर, वेळ देऊन, ठरतं. तिसऱ्याला दोघं लागतात आणि सुरक्षितता लागते. रोम १२:१८ मध्ये 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितकं' अशा दोन अटी पौलानेच घातल्यात. उपदेशात त्या गाळल्या जातात आणि भार येतो मार खाणाऱ्या बाईवर.

दावीदाचा प्रसंग यासाठी सर्वांत नेमका आहे, १ शमुवेल २६. दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल झोपलाय, भाला उशाशी जमिनीत रोवलेला. दावीदाचा साथीदार अबशय म्हणतो, एका घावात संपवतो. दावीद त्याला अडवतो. पण पुढचं पाहा: भाला आणि पाण्याचा चंबू उचलून तो दूर डोंगरमाथ्यावर जातो, मध्ये बरंच अंतर ठेवतो आणि तिथून हाक मारतो. शौल म्हणतो, माझ्या मुला, परत ये, मी तुझं वाईट करणार नाही. दावीद भाला परत देतो, पण तुमच्यापैकी एका तरुणाने इकडे येऊन तो न्यावा म्हणतो. स्वतः उतरत नाही. अध्यायाच्या शेवटी दोघं वेगवेगळ्या वाटांनी जातात. जीव वाचवला, वस्तू परत केली, घरी परतला नाही. यात प्रीती कमी पडली असं म्हणायला कोणी धजावेल असं वाटत नाही.

भावांनीच विकलेला योसेफही तसाच. उत्पत्ति ४२:२५ मध्ये भावांची पोती धान्याने भरतो, पैसे गुपचूप परत घालतो, पण ओळख देत नाही. भाऊ बदललेत का हे तो पारखतो. यहूदा बन्यामिनाच्या बदल्यात स्वतः गुलाम व्हायला तयार होतो, ते ४४ व्या अध्यायात, आणि मगच योसेफ ओळख देतो. धान्य आधी दिलं, मिठी नंतर.

व्यवहारातलं: घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याच घरात राहण्याचा आदेशही मागता येतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. पाळकसाहेबांनी नवरा-बायकोला एकाच खोलीत बसवून 'एकमेकांना क्षमा करा' म्हणवून घेणं हा अशा प्रकरणात सगळ्यात धोक्याचा उपाय. तिथे ती जे खरं बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. आधी तिच्याशी एकटीशी बोलावं, बाईने बोलावं.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात तर निवडच नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. 'मंडळीची बदनामी' किंवा 'आम्ही त्याला माफ केलं' हे कारण चालत नाही. मुलांसाठी १०९८. अशा माणसावर प्रीती करायची तर तुरुंगात भेटायला जाणारे, त्याच्या कुटुंबाला रेशन पोचवणारे मंडळीत असू शकतात. संडेस्कूलची किल्ली त्याच्या हातात पुन्हा जाणार नाही.

क्षमा आणि शिक्षा एकत्र राहू शकतात का असं कोणी विचारलंच तर ग्लॅडिस स्टेन्सचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती, मिशनरी ग्रॅहम स्टेन्स, आणि दोघांची दहा आणि सहा वर्षांची मुलं जीपमध्ये जाळली गेली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि बारीपदाच्या कुष्ठधामाचं काम पुढे चालवलं. खटला सरकारचा होता, तो चालला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम ठेवली. त्या क्षमेने खटला थांबला नाही, आणि खटला चालला म्हणून क्षमा खोटी ठरली नाही.

स्तोत्र_३५:

ढोंगाबद्दल. ढोंग तेव्हा होतं जेव्हा राग देवापासूनही लपवला जातो. म्हणून प्रार्थनेची सुरुवात आशीर्वादाने करूच नका. आधी जे झालं ते जसंच्या तसं सांगा: याने हे केलं, मला असं वाटतं, त्याचं वाटोळं व्हावं असंही वाटतं. स्तोत्र १०९ वाचून पाहा, तिथे त्याहून कडक भाषा आहे आणि ती पवित्र शास्त्रात ठेवलेली आहे. हे दारं लावून करायचं, कागदावर लिहिलं तर फाडून टाकायचं.

मग त्याची गरज नावानिशी. 'त्याला आशीर्वाद दे' फार ढोबळ आहे, मन त्यातून निसटतं. त्याच्या मुलीची बारावी, त्याच्या आईचा गुडघा, त्याची सुटलेली नोकरी. काहीच माहीत नसेल तर त्याची झोप, त्याचं जेवण. शब्द इतकेच पुरेत: "प्रभू, आज त्याच्या आईला वेदनेशिवाय चालता येऊ दे. माझं मन अजून यात नाही, तरी मी हे मागतो." हे दुसरं वाक्य सोडू नका, ढोंगाचं औषध तेच आहे. पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. लांबवलं की पुन्हा खटला चालू होतो आणि तुम्ही वकील, न्यायाधीश दोन्ही होता.

एक प्रार्थना मात्र वगळा: "त्याला त्याची चूक कळू दे." ती त्याच्यासाठी केल्यासारखी वाटते, पण असते आपल्यासाठी. त्याच्या पश्चात्तापासाठी जरूर मागा, पण आठवड्याभराने, बाकीचं मागून झाल्यावर.

आणि कॉटेज प्रार्थनेत (घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत) विनंती म्हणून त्याचं नाव देऊ नका. "भाऊ अमुक, त्यांचं मन कठीण झालंय, त्यांच्यासाठी प्रार्थना करा" म्हटलं की चहा येईपर्यंत सगळी हकीकत बाहेर आलेली असते. चुगलीचा हा सर्वांत भक्तिमान प्रकार.

उपासाबद्दलही सांगा. स्तोत्र ३५:१३ मध्ये दावीद म्हणतो की ते आजारी असताना मी गोणपाट नेसलो, उपास केला, आणि 'ते' म्हणजे त्याचे वैरी. सुरुवातीच्या मंडळीचं 'डिडाखे' नावाचं छोटं शिक्षण-पुस्तक पहिल्याच अध्यायात सांगतं की तुमचा छळ करणाऱ्यांसाठी उपास करा. त्यातच पुढे उपासाचे वार दिलेत, बुधवार आणि शुक्रवार. तुमचा अभ्यास बुधवारीच आहे, तर एक वेळचं जेवण सोडून यायला सांगता येईल. मधुमेहवाले आणि औषधं चालू असलेले सोडून.

फायदा घेणाऱ्याबद्दल थोडक्यात. लूक ६:३५ परत मिळण्याची आशा न धरता उसने द्यायला सांगतं, तेव्हा तेवढेच द्या जेवढे गेले तरी तुमच्या घरात भांडण होणार नाही. त्याहून मोठी रक्कम मागितली तर स्वच्छ नाही म्हणा, आणि किराणा भरून द्या. पौल आलेक्सांद्र तांबटाबद्दल २ तीमथ्य ४:१४-१५ मध्ये काय लिहितो? प्रभू त्याची फेड करील, पण तूही त्याच्यापासून जपून राहा. बदला सोडला, सावधगिरी ठेवली.

जुना_करार:

स्तोत्र_३५ यांच्याशी एका ठिकाणी असहमत. पाच मिनिटांची मर्यादा ठीक, पण चूक सांगणं हेही प्रीतीतच येतं. लेवीय १९:१७ म्हणतं, मनात द्वेष धरू नको, शेजाऱ्याला बोल लाव. आणि 'आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर' हे त्याला लागूनच, १८ व्या वचनात. फक्त प्रार्थना करत राहायची आणि तोंडावर काहीच बोलायचं नाही, ही आपल्या मंडळ्यांची जुनी खोड आहे.

स्तोत्र_३५:

मान्य. बोलावं, पण प्रार्थनेतून टोमणा मारू नये, एवढंच म्हणायचं होतं. आणि बोलायचं तर समोर बसून. टाइप केलेल्या ओळीत आवाज ऐकू येत नाही.

जुनी_सेक्रेटरी:

चौथ्या चिठ्ठीवर कोणीच लिहिलं नाही, सगळे घाबरलेले दिसता. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा मंडळ्या आपापली परंपरा घेऊन एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आता एका कमिटीतली दोन घरं प्रभुभोजनाला वेगवेगळ्या रांगेत उभी राहतात.

निवडणुकीनंतरचा अबोला बहुधा मतांमुळे राहत नाही. प्रचारात बोललेल्या एखाद्या वाक्यामुळे राहतो, आणि ते बहुतेक वेळा पैशाबद्दलचं असतं. 'तुम्ही हिशोब खाल्ला' हे वाक्य माणूस विसरत नाही. मत्तय ५:२३-२४ मधला क्रम लक्षात घ्या: तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. कोण चुकलं हा प्रश्न तिथे नाहीच, ज्याला आठवलं त्याने जायचं.

जिंकलेल्या बाजूने हे करावं. हरलेल्या घरातल्या एकाला खरं काम द्यावं, म्हणजे ज्याच्यात सही आणि जबाबदारी दोन्ही आहे, कॅरलच्या गाडीत जागा देणं नव्हे. मागच्या कमिटीचा ताळेबंद वाचताना जे नीट झालं होतं ते वार्षिक सभेत मोठ्याने वाचून इतिवृत्तात घालावं. हरलेल्या बाजूने वर्गणी बंद करू नये. ती मंडळीची आहे, कमिटीची नाही. आणि त्या घरात कोणी वारलं तर दोन्ही बाजूंनी जरीपटक्याच्या कब्रस्तानात पोचावं, माती द्यावी, शेवटच्या प्रार्थनेपर्यंत थांबावं. तिथे समेटाची बोलणी काढू नयेत. परतताना त्यांना गाडीची गरज असेल तर गाडी द्यावी.